हिराजीचा पत्र्याचा मग

हिराजी गेला त्याच्या आदल्या दिवशी मी ठाकुर्लीहून चेंदणी कोळीवाड्यात त्याला बघायला गेलेलो. त्याने पाणी मागितलं. सुनेने खुंटीवरचा जुना पत्र्याचा मग भरला, तर त्याने तोंड फिरवलं. "त्यातून नको गं..." तेव्हा तिने तांब्यातून दिलं. सुनेला कळलं नाही. मला कळलं.

मी चौथी नापास, लिहिणं माझं काम नव्हे. पण हे आता दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धात आम्ही एकाच मालबोटीवर होतो. मी डेकवर, तो इंजिनात. जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. भट्टीजवळची आपली माणसं वर आलीच नाहीत. आम्ही होडीत, आणि ती पाणबुडी समोर वर आली... मुशी माशासारखी लांब, काळपट, अंगावर गंज. वाटलं, आता गोळ्या घालणार. तर एका दाढीवाल्याने पाण्याचा डबा आणि हा मग दिला, जमीन कुठल्या अंगाला ते हाताने दाखवलं. मग ते दक्षिणेला गेले. मागे तेलाचा तवंग राहिला.

आम्हाला उचलणाऱ्या इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर साहेबाने आमच्या सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत, चौकशी केली. हिराजीने सगळं सांगितलं. दिशा, गळणारं तेल; वर म्हणाला, पाण्याखाली ती बॅटरीवर चालते, बॅटरी भरायला इंजिन लागतं, इंजिनाला हवा लागते, म्हणजे तिला वर यावंच लागणार. पुढे सारंग हसत बातमी घेऊन आला. तवंग धरून गेले, वर आली तिथेच बुडवली, कोणी वाचलं नाही. आम्ही हिराजीची पाठ थोपटली. तो त्या दिवशी जेवला नाही.

दर नारळी पुनवेला तो खाडीत दोन नारळ सोडायचा. दुसरा कोणाचा, असं कोणी विचारलं की मीच सांगायचो, "जर्मन जावयाचा." सगळे हसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, अरे, त्यांनी आपली माणसं मारली.

"मारली ती लढाईत, धर्मा. पाणी दिलं ते लढाईत नव्हतं."

मी हट्टी. म्हटलं, तू बोलला नसतास तर अजून बोटी बुडल्या असत्या. ते मी आजही मागे घेत नाही. पण त्या जावयाच्या थट्टेची लाज वाटते, तो गेल्यापासून जास्तच...

तेराव्याला सून म्हणाली, "काका, मामांनी हा कधी वापरला नाही. भंगारात देऊ?" मी तो मग माझ्या घरी आणला. आज दुपारी पाण्याने भरून समोर ठेवलाय. तहान लागलीय. हात तांब्याकडेच जातो.