लाल रेघेवरची वाक्यं

“मनोहरभाऊ, यातली आई कुठं गेली?” चौथा खर्डा मी टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

“आहे न जी मॅडम. पहिल्याच ओळीत आहे.”

पहिली ओळ होती, ‘मातृप्रेम हे सागरासारखे अथांग असते.’

“समुद्र पाहिलाय तुम्ही?”

“नाही जी. पण शोभून राहिला न.”

मुलांनो, कॉलेजातून रिटायर झाल्यावर तुमची आजी पांढुर्ण्यात घरबसल्या एडिटिंग करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एडिटिंग म्हणजे नुसतं शुद्धलेखन तपासणं नव्हे. लेखकाचा कच्चा मजकूर, म्हणजे खर्डा, वाचायचा. कुठं जमलं, कुठं फसलं ते दाखवायचं. मग तो पुन्हा लिहून आणेपर्यंत थांबायचं. काम थोडं, थांबणं फार.

मनोहरभाऊ रेल्वेत कीमॅन होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या का, ते तिगावकडच्या लाइनवर रोज पायी फिरून बघायचं, ढिली दिसली की ठोकायची. आता त्यांना आत्मचरित्र छापायचं होतं. घाई मात्र आईच्या प्रकरणाचीच. आई नव्वदीची, रामाकोन्याला त्यांच्या धाकट्या भावाकडे असते. “एक कान गेला मॅडम. दुसऱ्यात अजून येते आयकू. तो जायच्या आत वाचून दाखवाचं आहे.”

पहिल्या खर्ड्यात सागर होता, पण हेही होतं: ‘आई वावरातून येईपर्यंत अंधार पडे. दिवा लावायच्या आधी ती हातानं चाचपून आमची पाच डोकी मोजायची.’ असं वाक्य शिकवून येत नाही. मी खूश झाले. शोभेच्या मजकुराला पेन्सिलीनं कंस केले आणि अशा चांगल्या वाक्यांखाली लाल पेनानं ठसठशीत रेघा ओढल्या. वर्गातही मी तसंच करायची.

दुसरा खर्डा दोन महिन्यांनी आला. मनोहरभाऊ खाडाखोड केलेला कागद कधी आणत नसत. रेल्वेच्या रजिस्टरात ओव्हररायटिंग चालत नाही, म्हणून एक शब्द बदलला तरी अख्खं प्रकरण नव्यानं उतरवत. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र पहिल्याहून पोकळ. “पहिल्यासारखं लिहा,” मी म्हटलं. “हाओ जी,” ते म्हणाले. चार नवी जिवंत वाक्यं होती, ती लाल केली. तिसऱ्यात तीही गायब. नवे लेखक शोभेचंच लिहितात, धीर धरावा, असं मी स्वतःला बजावत राहिले. चौथ्यात सागर तेवढा उरला. माझा धीर संपला.

“जुने खर्डे दाखवा.”

त्यांनी पिशवीतून क्रमवार काढले. मी चारही शेजारी मांडले. पेन्सिलीनं कंस केलेलं सगळं शाबूत होतं. लाल रेघ ओढलेलं एकही वाक्य पुढच्या खर्ड्यात गेलं नव्हतं.

“ही का काढली?”

“तुमीच त लाल मारलं, मॅडम!”

“चांगली होती म्हणून मारलं!”

“चांगल्याले लाल?” ते बघतच राहिले. “आमच्याकडे लाल झंडी दिसली का गाडी थांबते. जिवावर आलं होतं मॅडम, पण मी समजलो, हे वाक्य पुढं न्यायचं नाही.”

मी पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पाचवा खर्डा आठवड्यात झाला. तो घेऊन आम्ही बसनं रामाकोन्याला गेलो. मनोहरभाऊ आईच्या चांगल्या कानाशी बसून मोठ्यानं वाचू लागले. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. डोकी मोजायचं वाक्य आलं तसा तिनं हात उचलला.

“पाच नाही रे, सहा. शेजारची शांती आपल्याकडंच झोपे. तिले काऊन सोडलं?”

मनोहरभाऊ गडबडले. “मॅडम, पूर्ण नवीन लिहून आणतो. दोन महिने द्या.”

“खबरदार!” मी त्यांच्या खिशातलं पेन काढून हातात दिलं. “इथंच खोडा.”

त्यांनी ‘पाच’वर काट मारली आणि वर ‘सहा’ लिहिलं. मग वाक्य पुन्हा वाचलं, सहा डोक्यांचं. म्हातारीनं मान हलवली.

“अस्संच होतं. आणि येवढ्याले आठ महिने काय करून राहिला होता रे?”

मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

लेखकाशी वागताना धीर लागतो, असं मी सगळ्यांना सांगत असते. आता एडिटिंगला बसण्याआधी त्याला विचारून घेते, तुमच्याकडे लाल म्हणजे काय.