पित्ताशय गेलं, धास्ती राहिली

पित्ताशय काढून तीन आठवडे झाले होते. तेवढे दिवस मी मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी यांवरच काढले. त्या रविवारी दुपारी पेणकरपाड्याला भावाकडे जेवायला गेले. वहिनीने कोंबडी-वडे केले होते. "ताई, एकाने काय होतंय?" म्हणाली. मी तीन खाल्ले, वर रस्साही ओरपला.

परत येताना रिक्षात पोटात पीळ पडला. आधी वाटलं, आतला टाका सुटला. मग कळलं, हे दुसरंच आहे आणि थांबणारं नाही. घाम फुटला. सिल्व्हर पार्कमधलं आमचं घर अजून लांब, पुढे गाड्या तुंबलेल्या. पन्नाशीची बाई, अंगावर चांगली साडी, आणि इथे रिक्षातच झालं तर? पुढचा विचारही करवेना. "भैया, इधरच रोको," म्हणत उतरले आणि दिसली त्या बिल्डिंगमध्ये शिरले. तळमजल्यावरचं पहिलं दार वाजवलं.

एका गुजराती म्हातारीने उघडलं. मी एवढंच म्हणू शकले, "आंटी, बाथरूम... ऑपरेशन हुआ है."

तिने एकही प्रश्न विचारला नाही. हाताला धरून आत नेलं. बाहेर आले तेव्हा तिने मीठ-साखरेचं पाणी दिलं. "मेरे को भी ऐसाच होता था, बेटा. शर्म मत कर." मी तिथेच रडले.

त्यानंतर मला अन्नाचीच भीती बसली. बाहेर जायचं असलं की उपाशी राहायचे. घरीही प्रत्येक घासानंतर हात पोटावर. रोज सकाळी खिडकीपाशी आरसा धरून डोळे पिवळे झालेत का बघायचे. ब्लाऊज ढगळ झाले. नवरा म्हणायचा, "अगं, निदान अर्धी पोळी तरी खा." मी ताट सरकवायचे. शेवटी एके दिवशी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडले.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. सगळं ठीक निघालं.

"पिशवी काढलीय, पित्त बनायचं थांबलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते आता साठत नाही, सारखं थोडंथोडं आतड्यात उतरतंय. एकदम तेलकट पडलं की झेपत नाही. पण उपाशी राहून कसं चालेल? चार-पाच वेळा थोडंथोडं खा, तेल हळूहळू वाढवा. ताप आला, डोळे पिवळे झाले, पोट जोरात दुखलं, तर मात्र लगेच या."

"आणि परत रस्त्यात झालं तर?"

"बहुतेकांचं पोट हळूहळू सावरतं. नाही सावरलं तर औषध आहे. लपवू नका, सांगा."

दुसऱ्या दिवशी चमचाभर तेलातले पोहे खाल्ले आणि दोन तास घड्याळाकडे बघत बसले. काही झालं नाही. तरी एकटीने रिक्षात बसायला महिना गेला.

पोट आता ताळ्यावर आलंय. पण कुणाकडे जेवायला गेले की आधी बाथरूम कुठे आहे ते बघते, मगच पानावर बसते.