रायफलीचं मुकं लाकूड

"रायफल खोलीबाहेर जाणार नाही. मापं घ्याची ते इथंच घ्या," उस्ताद म्हणाले आणि कुलूप काढलं.

आदिलाबादबाहेरच्या एका कॉलेजातली ही खोली. परेडच्या रायफली इथं साखळीला बांधून ठेवतात, म्हणून तिला फौजी भाषेत कोत म्हणतात. उस्ताद म्हणजे कॅडेटना कवायत शिकवणारे. हे फौजेतून निवृत्त झालेले, भैंशाकडचे. माझं शहरात सीएनसी राऊटरचं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरवर नकाशा काढला की मशीन त्याबरहुकूम लाकूड कोरतं. दारं, देव्हारे, पलंगाच्या पाट्या हे माझं रोजचं काम. रायफल मी पहिल्यांदाच हातात घेतली.

ती डीपी रायफल होती, म्हणजे फक्त ड्रिलसाठी. नळी कायमची बंद केलेली, गोळी सुटणं शक्य नाही. रायफलीच्या लाकडी भागाला स्टॉक म्हणतात. त्यातलाच एक तुकडा नळीला वरून झाकतो, तो हँडगार्ड. या रायफलीचा हँडगार्ड उभा चिरला होता. मॉडेल बंद होऊन जमाना झाला, सुटे भाग येत नाहीत.

"ही सुनंदाची," उस्ताद म्हणाले.

सुनंदा दारातच उभी होती. वांकिडीकडची, बीएला. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. माझ्याही घरातून मीच पहिला, त्यामुळे तिचं ते दारात अवघडून उभं राहणं मला ओळखीचं होतं. सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी ती पहिल्या रांगेत निवडली गेली होती.

"दुसरी रायफल नाही का?" मी विचारलं.

"असती तं तुमाले काऊन बोलावलं असतं? रायफल नाही तं रांगेत जागा नाही. बसन मंग मंडपात टाळ्या वाजवत."

"मी टाळ्या वाजवणार नाही उस्ताद," सुनंदा म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

उस्ताद मिशीत हसले. "आयकलं साहेब? आता तुमी आन तुमची मशीन."

आधी तयार भाग शोधला. हैदराबादच्या भंगारवाल्यांना फोन केले. परदेशातल्या एका दुकानात तो मिळत होता, पण परेड होऊन गेल्यावर पोचला असता. म्हणजे बनवणं आलं. मूळ भाग अक्रोडाचा. आपल्याकडे सागवान. माझ्याकडे एका पाडलेल्या घराच्या चौकटीचा तुकडा होता. जुना, पूर्ण वाळलेला, पुन्हा न वाकणारा. तेवढाच होता, त्यात एकच हँडगार्ड बसत होता.

कॅलिपरनं आतली, बाहेरची सगळी मापं घेतली. नकाशा काढला, मशीन लावलं. नंतर रंग जुळवून जवसाचं तेल चोळलं. ते तेल लाकडात मुरतं आणि वाळतं, चिकट राहत नाही. कोतमध्ये नेऊन हँडगार्ड बसवला. उस्तादांनी बोट फिरवलं, रायफल उजेडात धरली.

"वा! कोणती जुनी, कोणती नवी, सांगता येत नाही."

मी खूश झालो. मग ते रांग घेऊन मैदानावर गेले.

सकाळचं धुकं होतं. कॅडेट अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते. धुक्यातून हुकूम आला, "सलामी... शस्त्र!" या हुकमावर रायफल उचलून तळहात पुढच्या लाकडावर जोरात मारायचा असतो. सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायला हवा. आला. पण त्याच्या पोटात एक 'भद्द' होतं, गादीवर बुक्की मारल्यासारखं.

उस्तादांनी पुन्हा मारायला लावलं. पुन्हा भद्द.

"हात नीट मारून राह्यली का तू?"

सुनंदानं तळहात दाखवला. लालभडक.

"मंग लाकूडच मुकं हाय साहेब," उस्ताद माझ्याकडे वळले. "दिसाले एक नंबर. पण परेड लोक डोळ्यांनी पाहतात आन कानानं धरतात. शनिवारपर्यंत बोललं तं ठीक. नाही तं हिले बसवा लागन."

सुनंदानं हँडगार्ड काढून माझ्या हातात दिला.

बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसलो. नखानं ठोकत होतो. बाहेर वेचून झालेल्या कपाशीची शेतं, उरलेली पांढरी बोंडं धुक्यात तरंगल्यासारखी. डोळा लागला असावा. मला गुरं घरी येताना ऐकू आली.

माझे वडील गावाचे ढोरकी होते. सगळ्या गावाची गुरं रानात न्यायची आणि दिवस मावळता परत आणायची. दर गुरामागं ज्वारी मिळायची. त्या ज्वारीवर मी बासरला इंजिनिअरिंग शिकलो. भटक्या गुरांच्या गळ्यात ते लाकडी घंटा बांधत, स्वतः कोरून. ओसरीवर बसत, पटाशीनं आतून थोडं कोरत, कानाशी नेऊन ठोकत, पुन्हा कोरत. बाहेरून सगळ्या घंटा सारख्या. आवाज मात्र प्रत्येकीचा वेगळा, आतल्या पोकळीचा.

जागा झालो तेव्हा स्टॉप मागं गेला होता. पण काय करायचं ते कळलं होतं. माझी मापं बरोबर होती, पण ती अक्रोडाची होती. सागवानाला तेवढी पोकळी पुरत नव्हती.

हे काम मशीनला सांगता येईना. आवाज किती मिलिमीटरला येतो, हे मला ठाऊक नव्हतं. गोल पटाशी घेतली. आतून एक पापुद्रा काढायचा आणि ठोकायचं. जास्त कोरलं तर तळहाताच्या माराखाली चिरणार, आणि दुसरा तुकडा नाही. दिवसभर मी राऊटर बंद ठेवला. दुपार कलताना आवाज मोकळा झाला. अजून एक पापुद्रा काढायचा मोह झाला. पटाशी खाली ठेवली.

शनिवारी उस्ताद रांगेकडे पाठ करून उभे राहिले. हुकूम दिला. 'थाड!' पुन्हा दिला. पुन्हा तसाच.

"नवी कोणाच्या हातात हाय?" त्यांनी न वळता विचारलं. हँडगार्ड बसवल्यावर त्यांनीच पाठ फिरवून रायफली अदलाबदल करायला लावल्या होत्या.

"उस्ताद, तुमीच ओळखा," सुनंदाचा आवाज आला. रांग हसली.

"खामोश! परेडमध्ये बोलाचं नाही," ते ओरडले, पण वळले तेव्हा हसत होते. "घे पोरी, तुयी रायफल."

सव्वीस जानेवारीला मी वडिलांना घेऊन मैदानावर गेलो. सलामीच्या वेळी मी डोळे मिटले.

"काऊन रे, डोये काऊन मिटले?"

"ऐकून राह्यलो बाबा."

मग त्यांनीही मिटले. आवाज आला. एकच. वडिलांनी मान हलवली, शेवटचं जनावर गोठ्यात आल्यावर हलवत तशी.

तो भाग मूळ भागाची हुबेहूब नक्कल नाही. आतून मोजलात तर चुकीचा निघेल. तेव्हापासून कुणी जुनी वस्तू बनवायला आणली, की कॅलिपर काढायच्या आधी मी विचारतो, हिच्याकडून काम काय घ्यायचं आहे.