अण्णांनी केलेली तारीफ

दुसऱ्यांदा धार गाव सोडून पुण्याला निघाले तेव्हा अण्णा, माझे वडील, बसच्या खिडकीशी उभे राहून कंडक्टरला सांगत होते, "भिया, बिटिया को इंदौर में संभालके उतारना. बहुत बड़ी कंपनी में थी." कंपनीनं एका मेलवर आमच्या अख्ख्या टीमला घरी बसवलं होतं, ते मात्र गाळलं. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी रडूच आवरेना.

पहिल्यांदा बेंगळुरूला निघाले तेव्हा आई होती. ती गेल्यापासून अण्णा एकटे. म्हणून खरं सांगते, नोकरी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. देवासला मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायला माणूस हवा होता. मी तर तिथल्या देवीच्या टेकडीखाली खोलीही बघून ठेवली, तळमजल्यावर, अण्णांच्या गुडघ्यांसाठी. दोघांनी तिथंच राहायचं.

कारखान्याचा सेठ भला माणूस. काम पसंत पडलं, धाकधूक एकच: "मैडम, बड़ी कंपनीवाले टिकते नहीं." आणि आमच्या तिकडच्या लहान कारखान्यांची रीत अशी, घरच्या वडीलधाऱ्याचा शब्द घेतल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. त्यांनी माझ्यासमोरच अण्णांना फोन लावला, स्पीकरवर.

झालं! अण्णा सुटलेच. "अरे सेठजी, ये तो आपके यहाँ चार दिन की मेहमान है! बड़ी कंपनी बुलाएगी और ये उसी दिन जाएगी. ऐसी लड़की को कौन छोड़ता है?" स्थळ सांगून आलं की बाप बोलतो ना, अगदी तसं. मी "अण्णा, थांबा ना" म्हणेपर्यंत सेठनी "माफ करना" म्हणत हात जोडले होते.

मी अण्णांना आधीच सांगितलं होतं, मला इथंच राहायचंय. त्यांना वाटलं, पोरगी आपलं मन राखतेय.

जवळपास दुसरं काही मिळेना. आता पुण्यात एका दूध कंपनीत आहे, गाड्यांचे रूट लावते. माझ्या मराठीतली हिंदी ऐकून डेअरीतले हसतात, पण ठेवून घेताना कुणी वडिलांना फोन केला नाही.

अण्णा अजून फोनवर तणतणतात, "देवासवाल्याला अक्कलच नाही गं! मी एवढं सांगितलं तुझ्याबद्दल!" मी म्हणते, "हो ना, अण्णा." खरं सांगायची माझी छाती होत नाही.

तुम्हीही गाव सोडून आला असाल, तर घर म्हणजे काय हे मला विचारू नका. माझं कौतुक करणारं तिथं एकच माणूस उरलंय, आणि ते एकटं जेवतंय.