आईला हिरवे जंतू दाखवले तेव्हा

आमच्या दांडी गावात जेलीफिशला कुणी नावानं ओळखत नाही, शिवीनं ओळखतात. मासळीऐवजी तीच जाळ्यात भरून आली की जाळं जड होतं, आतली चांगली मासळी दबते आणि सोडवताना हातांची आग आग होते. अशा दिवशी बाबा किनाऱ्यावर उभे राहून जे बोलत, ते मी दुसरीत असताना वर्गात जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं.

त्यामुळे पालघरच्या कॉलेजात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मॅडम म्हणाल्या, “आज आपण जेलीफिशचं एक जनुक जंतूंच्या पोटात घालणार आहोत,” तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटीच खो खो हसले.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, घरी कळलं तर बाबा कॉलेज बंद करतील माझं.”

ती जेलीफिश आपल्याकडची नव्हती. दूरच्या थंड समुद्रातली होती. तिच्या अंगात एक प्रथिन असतं, ते जांभळट दिव्याखाली हिरवंगार चमकतं. ते प्रथिन कसं बनवायचं याची माहिती म्हणजे तिचं ते जनुक. शास्त्रज्ञांनी ते डीएनएच्या एका बारीक कड्यात बसवलेलं असतं आणि ते कडं आमच्याकडे इवल्याशा नळीत, पाण्यासारख्या थेंबात आलं होतं. जंतू आधी बर्फात ठेवायचे, मग क्षणभर गरम पाण्यात, की पुन्हा बर्फात. त्या धक्क्यात काही जंतू ते कडं आत ओढून घेतात. मग त्यांना झाकणाच्या चपट्या बशीत, म्हणजे पेट्री डिशमध्ये, वाढवायचं. बशीत एक विशिष्ट साखर घातली की जनुक जागं होतं आणि जंतू चमकायला लागतात.

पहिल्या वेळी माझी बशी कोरी निघाली. गरम पाण्यातून नळी काढायला मला उशीर झाला होता आणि जंतू बिचारे मेले. मॅडम म्हणाल्या, “अंडी उकडायची नव्हती गं.” पुढच्या आठवड्यात मी पुन्हा केलं, या वेळी श्वास रोखून.

लॅबला लागून सामानाची एक अंधारी खोली होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बशी घेऊन तिथे बोलावलं, दार लावलं आणि हातातली जांभळी बॅटरी लावली. बशीत हिरवे ठिपके पेटले. दिवाळीत दूरच्या गावातले दिवे दिसावेत तसे, पण हिरवे, आणि सगळे माझे. मी किंचाळले. बाहेरून शिपाईमामा धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. त्यांनाही दाखवलं. ते म्हणाले, “अरे बापरे,” आणि मग आम्ही तिघंही कारण नसताना हसत बसलो.

घरी जाताना एसटीत बसल्यावरही माझं हसू थांबेना. शेजारी एक आजी होत्या. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

“लगीन ठरलं काय गो?” त्यांनी विचारलं.

मला एवढं सगळं समजावण्याचा धीर नव्हता. मी म्हटलं, “हो.”

“पोरगा काय करतो?”

“चमकतो,” मी म्हणाले.

आजींनी मान डोलावली, जशी काही चमकण्याची नोकरी त्यांना ठाऊक होती, आणि पिशवीतून दोन चिकू काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते बोईसर यायच्या आत खाऊन टाकले.

घरी मात्र तेव्हा हसण्यासारखं काही चाललं नव्हतं. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसते. तिला साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, आणि त्या आता पुरत नव्हत्या. पायाला कोयता लागल्याची जखम झाली होती, ती भरतच नव्हती. बोईसरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता इन्सुलिन घ्यावं लागेल. आईनं तितक्याच स्पष्टपणे नाही म्हटलं होतं. बाजारात कुणीतरी तिला सांगितलं होतं की ते औषध डुकराचं असतं आणि एकदा सुई लागली की माणूस संपतं. मी समजावलं, बाबांनी आवाज चढवला, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आई म्हणायची, “माझा पाय हाय, माझा मी बगीन.”

त्या संध्याकाळी मी घरात शिरताच बोलत सुटले. बाबा जाळं विणत होते, आई सुके बोंबील डब्यात भरत होती. मी हात हलवत, इकडून तिकडे फिरत सगळं सांगितलं.

बाबांनी सुई थांबवली. “ती घान तुमच्या कालेजात पण पोचली?”

“घाण नाही हो, तिचं फक्त एक जनुक. आणि जंतू हिरवे चमकले!”

“आनि चमकून काय करतात?” आईनं विचारलं.

“काही नाही. चमकतात.”

“मंग?”

तेव्हा मला सुचलं ते मी बोलून गेले. “मग काय, असंच इन्सुलिन बनवतात. माणसाच्या शरीरातलं इन्सुलिनचं जनुक जंतूत नाहीतर यीस्टमध्ये घालतात. मोठ्या मोठ्या टाक्यांत ते वाढवतात. ते इन्सुलिन बनवतात, मग ते वेगळं करून, शुद्ध करून बाटलीत भरतात.”

आईचा हात डब्यातच राहिला. “डुकराचं नाय?”

“पूर्वी जनावरांचं काढायचे. आताचं हे असं बनतं.”

“कोनच्या मानसाचं?”

“म्हणजे?”

“त्ये जनुक. कोनच्या मानसाचं घातलं? चांगल्या घरचा व्हता काय तो?”

बाबा एवढे हसले की जाळं मांडीवरून घसरलं. मी सांगितलं की ते जनुक सगळ्या माणसांत सारखंच असतं, आता तर ते यंत्रावर जुळवून पण तयार करतात. आईला ते काही पटलेलं दिसलं नाही.

“तू सोता बगितलंस?” तिनं विचारलं.

“इन्सुलिनचं नाही. जेलीफिशचं आजच बघितलं.”

“मंग मला दाकव,” आई म्हणाली. “डोल्यांनी बगल्याबिगर मी काय मानत नाय.”

योगायोगानं कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. हॉलच्या एका कोपऱ्यात आम्ही काळ्या कापडाची खोली उभारली आणि आत टेबलावर तीन बशा ठेवल्या, चारी बाजूंनी टेप लावून बंद केलेल्या. एका बशीत साधे जंतू. दुसरीत जनुक घातलेले, पण त्यांना ती साखर नाही. तिसरीत जनुक आणि साखर दोन्ही.

आई बाजारातून लवकर उठली. घरी जाऊन नवी साडी नेसून, केसात अबोलीची वेणी माळून आली, लग्नाला निघाल्यासारखी. सोबत बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडलेले. मी दोघांना काळ्या कापडाआड नेलं आणि बॅटरी लावली.

पहिली बशी काळी. दुसरी काळी. तिसरी पेटली.

आई पुढे सरकली. वाकली. अजून वाकली. तिच्या नथीवर, गालावर हिरवा उजेड पडला.

“ह्येंनी साकर खाल्ली म्हनून चमकतात?” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“आनि मी साकर खाल्ली की डोल्यांपुढं अंधार. बग माझं नशीब.”

बाबा तिच्या खांद्यावरून बघत होते. “आयला,” ते म्हणाले, “त्या घानीच्या आतमदी येवढा उजेड हाय, आनि आमाला नुसती खाज देते.”

आई अजून बशीकडेच बघत होती. “म्हंजी त्यांच्या पोटात जे घालशील तेच करनार?”

“जेवढं सांगितलं तेवढंच. उजेडाचं जनुक दिलं तर उजेड, इन्सुलिनचं दिलं तर इन्सुलिन.”

“कदी चुकत नायत?”

“चुकतात कधीकधी. म्हणून तर कारखान्यात प्रत्येक वेळी तपासूनच पुढे पाठवतात.”

ती सरळ उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, “बरं. घेते मी तुझी सुई.”

मला तिला मिठी मारायची होती, पण हातात बॅटरी होती आणि बाहेर रांग लागली होती. मी म्हटलं, “आई, आता दुसऱ्यांना आत येऊ दे.” ती बाहेर आली, पण गेली नाही. तिनं कोपऱ्यातलं एक स्टूल ओढलं, कापडाच्या तोंडाशी बसली आणि अगदी बाजारातल्या आवाजात सुरुवात केली.

“या, या, आत या! घाबरू नका, वास नाय! तीन बशा हायत, तिसरी बगा!”

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मला खुणेनं गप्प केलं. थोड्याच वेळात आमच्या कोपऱ्यात सगळ्या हॉलपेक्षा जास्त गर्दी झाली. बाकीच्या टेबलांवरची मुलं आपली मॉडेलं सोडून बघायला आली. आई प्रत्येकाला सांगत होती की हे जंतू साखर खाऊन चमकतात, माझी पोरगी ह्यांना शिकवते, आणि असंच साखरेचं औषधपण बनतं. तिनं त्यात आपली भर घातली होती. ती सगळ्यांना सांगत होती की इन्सुलिनसुद्धा असंच हिरवं चमकतं.

“आई, नाही गं,” मी मध्ये पडले. “इन्सुलिन पाण्यासारखं असतं. ते चमकत नाही.”

तिचा चेहरा पडला. “नाय चमकत? मंग पोटात गेल्यावर कलनार कसं?”

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. पालघरचे कुणी मोठे गृहस्थ होते, सुटाबुटातले, हातात गुच्छ, मागे प्राचार्य. आई उठली, त्यांचा गुच्छ काढून घेऊन प्राचार्यांच्या हातात दिला आणि त्यांना दंडाला धरून आत नेलं. मी मागोमाग धावले. आतून तिचा आवाज येत होता, “वाका सायेब, अजून वाका, लाजू नका.” आणि मग त्या मोठ्या माणसाचा, लहान मुलासारखा, “अरे! अरे वा!”

बाहेर आल्यावर त्यांनी भाषणाचा कागद उघडलाच नाही. आमच्या कोपऱ्यात उभे राहून मॅडमना प्रश्न विचारत राहिले. मॅडम उत्तरं देत होत्या आणि मध्येच तोंड फिरवून डोळे पुसत होत्या, हसून हसून.

आईला एक बशी घरी न्यायची होती. “लाइट गेली तर कामाला येल,” ती म्हणाली. हे जंतू लॅबबाहेर नेता येत नाहीत, सगळं इथेच नष्ट करावं लागतं, हे सांगितल्यावर ती खरंच हळहळली.

नंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला सुई कशी धरायची, पोटाची चिमटी कशी घ्यायची ते शिकवलं. बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फात नाही, असं बजावलं. आमच्या फ्रीजमध्ये मासळीशिवाय कशाला जागा नव्हती. मी बाटली स्टीलच्या डब्यात घालून दारातल्या कप्प्यात ठेवली. आईनं डब्यावर कुंकवाचं बोट लावलं.

पहिली सुई मी द्यायची ठरलं होतं. लॅबमध्ये थेंबाचा शंभरावा भाग मोजणारी मी, पण आईच्या पोटापाशी सुई तशीच धरून बसले. बाबा तोंड फिरवून दाराकडे बघत उभे होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, “दे इकडं,” आणि चिमटी घेऊन स्वतःच टोचून घेतलं.

“झालं?” बाबांनी न वळता विचारलं.

“मुंगी चावली येवडं पन नाय,” आई म्हणाली. मग तिनं मोबाइलची बॅटरी लावली, पोटावर धरली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “उजेड नाय आला.”

आम्ही तिघं जमिनीवर बसून हसलो. शेजारची काकू काय झालं म्हणून बघायला आली, तर कुणालाच सांगता येईना.

पुढे सगळं सरळच झालं असं नाही. एकदा बाजारात आईची साखर फार खाली गेली, हात थरथरायला लागले, घाम फुटला. शेजारच्या बाईनं तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण कमी केलं आणि वेळेवर जेवायला सांगितलं. हळूहळू साखर आटोक्यात आली. पायाची जखम भरली. आई पुन्हा टोपली घेऊन पूर्वीसारखी तुरुतुरु चालायला लागली, आणि बाजारातल्या एका मैत्रिणीला, जी सुईला तिच्याइतकीच घाबरत होती, स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मला आता बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी आहे. आमच्याकडे इन्सुलिन होत नाही. जनुक बदललेल्या यीस्टकडून दुसऱ्या एका औषधाचं प्रथिन बनवून घेतात, आणि मी ज्या टाकीत ते वाढतं तिच्याकडे लक्ष देते. माझ्या हातची पहिली बॅच तपासणीत पास झाली तेव्हा मी गेटबाहेर येऊन आईला फोन लावला. भर बाजाराची वेळ होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे माझ्याशी एकटी आई नाही, मासळीबाजारातली सगळी रांग बोलत होती.

“पास झाली गो!” आई तिकडे ओरडली. मागून टाळ्या ऐकू आल्या. मग ती मला म्हणाली, “ते यीस्ट म्हंजी पावात घालतात तेच ना?”

“त्याच्याच जातीचं.”

“मंग त्याला तू काय सांगितलंस? पाव नको करू, औषद कर?”

“तसंच काहीतरी,” मी म्हणाले.

“आनि त्यानं ऐकलं?”

“ऐकलं, आई!”

तिकडे सगळ्या जणी हसत सुटल्या. कुणीतरी विचारलं, “माझ्या नवऱ्यासाठी पण असं काय हाय काय?” आई उत्तर देणार होती, पण मध्येच तिचा आवाज बदलला. “थांब, थांब, गिऱ्हाईक आलं. बोला ताई, पापलेट? एकदम ताजं हाय,” आणि फोन कट झाला.