प्रश्न बारावा : अडचण नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर जमलं असतं का? नसतं.

यवतमाळला मी पुनर्वसन समुपदेशकांना शिकवते. अपंगत्व आलेल्या माणसाशी काय आणि कसं बोलायचं, ते. त्यातला एक तास लैंगिकतेवर असतो. तो मी फार छान घेते म्हणतात. स्वतः न लाजता बोलते, मुलामुलींनाही बोलतं करते. लोका सांगे ब्रह्मज्ञान – दुसरं काय?

घरभेटीच्या फॉर्ममध्ये बारावा प्रश्न आहे : वैवाहिक संबंधांत काही अडचण आहे का? तो माणसाला एकट्याला विचारायचा असतो. नोकरीच्या सुरुवातीला मी तो एकदाही विचारला नाही. अकरा प्रश्न विचारायचे, पाणी मागायचे आणि बाराव्यापुढे ‘अडचण नाही’ लिहून मोकळी व्हायचे. जागा कोरी ठेवली तर साहेब फॉर्म परत करायचे. आणि तपासायला कोण जाणार होतं?

फुलसावंगीकडच्या एका तांड्यावर परसराम होता. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडताना पडला, कमरेखालचं अंग गेलं. वय तिशीचं. त्याच्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तो मोकळेपणानं बोलत होता – म्हणजे सबब सांगायचीही सोय नाही. मला लाज वाटली, एवढंच.

तीन वर्षांनी, शिकवायला लागल्यावर, माझ्या विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन मी त्याच घरी गेले. जुना फॉर्म घरच्यांना वाचून दाखवायचा, ही शिस्त मीच घातलेली. परसराम बाहेर बाजेवर होता; एका मुलीनं त्याच्या बायकोला, शेवंताला, चुलीजवळ बसून तो वाचून दाखवला. बारावा प्रश्नसुद्धा – तो वगळायला सांगायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आम्ही निघालो तशी शेवंता मागून आली. मला बाजूला घेतलं.

“ताई, याईनं खरंच तसं सांगतलं का? काई अडचण नाही म्हणून?”

तीच पुढे बोलली, “मले वाटे, मनात असून लाजून राह्यले. आज ना उद्या बोलतीन म्हणून मीबी थांबून राह्यली.”

काय सांगायचं होतं मला? मी विचारलंच नव्हतं – एवढंच ना? पण चार पावलांवर माझी मुलं उभी होती. त्यांच्यादेखत माझा फॉर्म खोटा ठरला असता.

मी म्हटलं, “हो. त्यांनीच सांगितलं.”

“मंग त्याईच्या मनातच नसन,” ती म्हणाली आणि घराकडे वळली.

मी तिला हाक मारली नाही. त्या घरी पुन्हा गेलेही नाही. गाडीत मुलांनी विचारलं, त्या बाई काय म्हणत होत्या? अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारत होती, असं सांगितलं, आणि पुढच्या घराचा फॉर्म काढायला लावला.