दाजीमामाचा खोटा प्लेग

माझ्या दाजीमामाला मी प्लेगच्या इस्पितळात पोचवलं, तेव्हा त्याची प्रकृती ठणठणीत होती.

मुंबईत प्लेग आला त्या पहिल्याच वर्षातली ही गोष्ट. मामाच्या लालबागेतल्या चाळीत निम्म्या खोल्यांना कुलपं होती. काही माणसं कोकणात पळाली होती, काही मसणात गेली होती. आमच्या ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी परळच्या मोकळ्या जागेत तट्ट्यांचं एक इस्पितळ उभारलं, आणि मी तिथे कारकून होतो. डॉक्टर होता, खाटा होत्या, दूध होतं. फक्त रोगी येत नव्हते! लोक आजाऱ्याला माळ्यावर लपवत, गोधड्यांखाली दडपत. इस्पितळात जिवंत माणसाचं काळीज काढून विलायतेला धाडतात, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.

एक दिवस सेक्रेटरी रावसाहेबांनी मला बोलावलं.

"सदाशिवराव, लोकांचा विश्वास बसेल असं काहीतरी करा. लग्नात मंगलाष्टकं रचता ना तुम्ही? कल्पक आहात!"

(मंगलाष्टकं मी रचत असे. ती ऐकून एका नवरदेवाला घेरी आली होती, हे रावसाहेबांना ठाऊक नव्हतं.)

मी लगेच एक जाहिरात छापून घेतली आणि चाळीचाळीत वाटली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'आमच्या इस्पितळात एकदा आलेला माणूस परत जाण्याचं नाव काढत नाही!' मामाच्या चाळीत एकाने ती मोठ्याने वाचून दाखवली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन बिऱ्हाडं कोकणच्या बोटीवर चढली.

मग मला खरी कल्पना सुचली. धडधाकट माणूस सगळ्यांदेखत डोलीतून न्यायचा आणि चार दिवसांनी हार घालून, ताशे वाजवत परत आणायचा! मामा गिरणीत कापडाचा साचा चालवायचा, पण माणसं पळाल्यामुळे साचे बंद होते आणि तो घरीच बसून होता. मी त्याला जिन्याखाली गाठून बेत सांगितला.

"खाऊक काय देतत?" मामाने विचारलं.

"दूध, साखर, मऊ भात."

"आणि मासे?"

"मामा, तू आजारी आहेस!"

"बरा तर. दूध चलात."

मामीला मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. तिच्या पोटात काही राहत नसे. डॉक्टरने कुरकुर करत मामाला वेगळ्या खोपटात ठेवायचं कबूल केलं.

डोली आली. मामा इतका छान कण्हला, की मीच क्षणभर घाबरलो. मामी धावत आली आणि तिने डोलीचा दांडा घट्ट धरला.

"मेल्या सदू! माझ्या घोवाक खंय नेतंस?"

तिला दोघी बायकांनी ओढून बाजूला केलं. सगळी चाळ रडत होती. आणि मी, तिच्या नवऱ्याचा सख्खा भाचा, मनात म्हणत होतो, वा! काय परिणाम झालाय!

चौथ्या दिवशी मी ताशेवाले घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी उभा राहिलो. झेंडूचा हार हातात. चाळकरीही आले होते, पण पळता येईल इतक्या अंतरावर. ताशे कडाडले. फाटक उघडलं आणि आतून वॉर्डातला गडी एकटाच बाहेर आला.

"तुमच्या मामांना ताप भरलाय."

मी हसतच आत गेलो. "मामा, पुरे आता! बाहेर ताशे वाजतायत."

मामाचे डोळे लाल झाले होते. त्याने माझा हात धरला. त्याचा हात भाजत होता.

"सदू," तो म्हणाला, "ह्यां नाटक न्हय रे."

जांघेत गाठ आली होती. डॉक्टर म्हणाला, गाठ त्याने चाळीतूनच आणली असणार, रोग अंगात आधीच होता. मी बाहेर आलो तेव्हा ताशेवाले पसार झाले होते. मामी समोर उभी होती. माझ्या हातातल्या हाराकडे पाहून ती मटकन खालीच बसली.

"नाही गं मामी, जिवंत आहे!" मी ओरडलो. "आणि आणला तेव्हा आजारी नव्हताच! मी खोटंच आणलं होतं!"

लोकांना बोलायला एवढं पुरे झालं. "बघा! चांगल्या माणसाला धरून नेतात आणि आत गाठ देतात!" त्या आठवड्यात मामाच्या शेजारच्या खोलीतली तरणी सून तापाने माळ्यावरच दगावली. तिच्या सासऱ्याने डोली दारात येऊ दिली नाही. डोली घेऊन दारात गेलो तो मीच, त्यामुळे त्याचं काय चुकलं हे मला आजही सांगता येत नाही.

मामी मात्र तडक इस्पितळात शिरली आणि मामाच्या खाटेशी बसून राहिली. डॉक्टरने गाठ फोडली. मामा शुद्धीवर नसे. मामी चमच्याने दूध पाजी, बाकीच्या खाटांवरच्यांनाही पाणी देई. त्यातली बरीच माणसं गेली. मामा वाचला.

तो घरी आला तेव्हा वाळून काठी झाला होता. हार नाही, ताशे नाहीत. आणि चाळ म्हणते, "हा खंय आजारी होतो? सदूचा नाटक ता!" संतापून मामाने भर गॅलरीत धोतर वर करून जखमेचा व्रण दाखवला. बायका किंचाळून आत पळाल्या. पुरुषांनी निरखून पाहिला, पण त्यांचं एकमत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मामी नळावर गेली. हंडा भरेपर्यंत तिने तिथल्या बायकांना एवढंच सांगितलं, "मी आत रवलंय. काळीज कोणी काढणत नाय. मरतत ते तापान मरतत, आणि हय चाळीपेक्षा थंय कमी मरतत. ताप इलो तर थेट थंय जावा. फक्त वाटेत आमच्या सदूक काय्येक विचारू नका."

दोन दिवसांनी पहिली डोली आपण होऊन फाटकाशी आली. बरोबरचा म्हातारा घाबरून माझ्याकडे बघत होता.

"सदू कारकून तो तूच काय रे?"

"छे हो!" मी म्हणालो, "तो रजेवर आहे," आणि डोलीचा दांडा धरला.